बंद पडलेला चोक चालू चोकपेक्षा जास्त घातक

प्रश्न असा आहे: ट्यूबलाइटच्या इलेक्ट्रॉनिक चोकमधला 10 मायक्रोफॅरड, 400 व्होल्टचा कपॅसिटर फुगलाय, त्याजागी 450 व्होल्टचा चालेल का, आणि काढण्याआधी डिस्चार्ज, म्हणजे त्यात साठलेली वीज रिकामी, करावीच लागते का?

450चा चालेल. उत्तर लिहायला बसलोय ते त्या ‘करावीच लागते का’साठी.

मी शिकाऊ असताना आमच्याकडे एक जुने कारागीर होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. सोल्डरिंगचा हात इतका साफ की टाका बघत राहावा. पण कपॅसिटर रिकामा करायची त्यांची पद्धत एकच: दोन्ही पायांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवायचा, फट्‌ आवाज आला की काम झालं. एकदा दुरुस्तीचा एक चोक सकाळपासून टेबलावर उघडा पडला होता. मी मीटर उचलला तर म्हणाले, "अरे, सकाळपासून पडलाय तो, काय उरणार त्यात?" डीसी रेंजवर प्रोब टेकवले. आकडा दोनशेच्या वर. "मीटर गंडलाय तुझा," म्हणत त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवलाच. ठिणगी डोळ्यांसमोर उडाली आणि पात्याच्या टोकाला बारीक खड्डा पडला. त्यावरही त्यांचं म्हणणं, "बघ, झाला ना रिकामा!"

इथे मला दादांचं म्हणणं तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. 230 व्होल्ट एसी रेक्टिफाय झाला, म्हणजे डायोडमधून जाऊन त्याचा डीसी झाला, की कपॅसिटरवर साधारण 325 व्होल्ट डीसी उभा राहतो. चालू चोक बंद केला तर हा साठा ट्यूबच ओढून घेते. पण ट्रान्झिस्टर उडालेत, स्टार्टिंगचा रेझिस्टर ओपन झालाय (आतून तुटलाय), अशा चोकमध्ये त्या चार्जला जायला वाटच नसते. तो तिथेच बसून राहतो. आणि दुरुस्तीला येतात ते असेच चोक! म्हणून ‘प्लग काढून बराच वेळ झाला’ याला काडीचा अर्थ नाही.

10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेटेड वायरी जोडा आणि कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर धरा. 10 मायक्रोफॅरडला अर्धा सेकंद पुरतो, तरी दोन-तीन सेकंद धरून ठेवा. मग मीटर लावा. मीटर महत्त्वाचा, कारण रेझिस्टरची वायर आतून तुटलेली असली तरी बाहेरून कळत नाही. आकडा दोन-चार व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट लावायचं नाही. थोड्या वेळाने तो किंचित वर चढतो, तेव्हा परत एकदा रेझिस्टर लावा. ‘आम्ही आयुष्यभर स्क्रूड्रायव्हरच लावला’ हा युक्तिवाद मला कुणी ऐकवू नये. शॉर्ट करताना करंटला अडवायला जवळजवळ काहीच नसतं, मग चांगल्या कपॅसिटरलाही दणका बसतो, आणि डोळ्यांचं तर विचारूच नका.

नवा कपॅसिटर 105 डिग्रीचाच घ्या, 85चा चोकच्या उष्णतेत लवकर सुकतो. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा. दुप्पट घातले तर चालू करतानाचा झटका डायोड आणि फ्यूजवर येतो. पट्टा असलेली बाजू निगेटिव्ह, हे तुम्हाला माहीत असेलच. ट्यूबच्या बाजूचा छोटा फिल्म कपॅसिटर मात्र वेगळं प्रकरण आहे. ट्यूब पेटताना त्यावर बराच जास्त व्होल्टेज येतो, म्हणून तिथे त्याच व्हॅल्यूचा, त्याच व्होल्टचा पॉलीप्रॉपिलीन फिल्मचाच हवा. हाताशी असलेला कुठलाही सिरॅमिक तिथे बसवू नका.

हे सगळं मेन्सवर आधी काम केलेल्यांसाठी आहे. तुमचा हा पहिलाच चोक असेल तर जाणकाराला शेजारी बसवा.

आणि कपॅसिटर बदलल्यावर थेट सप्लाय देऊ नका. फुगण्याआधी ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले असू शकतात. सिरीजमध्ये, म्हणजे चोककडे जाणाऱ्या एका वायरीच्या मध्ये, 60 वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावा. तो भरपूर उजेड देत राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, लगेच प्लग काढा. मग चोकला हात लावण्याआधी परत रेझिस्टर, परत मीटर.