कॅमेरा बदलू नका, आधी सेटची जमीन तपासा

तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यात राहिली. लेकीबरोबर तुम्ही लेगोच्या विटांचा गणपतीचा मांडव उभा केलात, गल्ली केलीत, दोन आठवडे खपून चाळीस सेकंदांचा स्टॉप-मोशन सीन (बाहुले जरा जरा सरकवून काढलेले फोटो जोडून केलेला) शूट केलात आणि बघता तर मांडवाची मागची भिंत सारखी थरथरतेय. आता विचारताय की फोनचा कॅमेरा कमी पडतोय का, चांगला कॅमेरा घ्यावा का. घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका. हीच थरथर मला दीड महिना आणि बरेच पैसे देऊन समजली होती.

ट्रायपॉड, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करणं, खिडक्या बंद ठेवणं, सेकंदाला पंधरा फ्रेम वगैरे सांगत बसत नाही. तुमच्या क्लिपवरून दिसतंय की ते तुम्हाला येतं. उजेड सगळीकडे सारखा आहे. मोजणीही नीट आहे, चाळीस सेकंदांना 600 फोटो, त्यात एकही राहिलेला वाटत नाही. म्हणजे मेहनत वाया गेलेली नाही. चूक वेगळ्याच ठिकाणी आहे आणि ती सेट बांधतानाच होते, शूटिंगला बसण्याच्या आधी.

माझा सेट चाळीचा होता. तीन मजले, पुढे गॅलरी, गॅलरीला कठडा. खाली 48 स्टडची करडी बेसप्लेट, म्हणजे ज्यावर सगळा सेट उभा राहतो तो पातळ तक्ता, साधारण 38 सेंटिमीटर बाजूचा चौरस. (स्टड म्हणजे लेगोवरचे ते गोल उंचवटे.) त्यावर एका स्टडच्या जाडीची, आठ मिलिमीटरची भिंत, एकवीस सेंटिमीटर उंच. चाळ का घेतली ते सांगते, कारण ती युक्ती तुमच्याही कामाची आहे. मिनिफिगला, म्हणजे लेगोच्या छोट्या बाहुल्याला, गुडघा नसतो, पाय फक्त कमरेतून पुढे-मागे होतात, त्यामुळे चालणं पटणारं दिसायला फार वेळ जातो. पण माणूस गॅलरीतल्या कठड्यामागून चालत असेल तर पाय दिसतच नाहीत. नुसतं पुढे सरकवायचं, एक फ्रेम आड जरा वर-खाली करायचं, की चालणं झालं. तुमच्या गल्लीतही मांडवापुढे बॅरिकेड लावून टाका. मिरवणुकीच्या वेळी ती असतातच, त्यामुळे खोटीही वाटणार नाहीत.

तर ही चाळ मी शिकायच्या टेबलावर ठेवली. हलू नये म्हणून बेसप्लेटच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध जाड फोमची डबल टेप लावली, भिंतीवर हुक चिकटवायला मिळते ती. हात लावून बघितलं तर जाम बसली होती. बाजूला ढकलून बघितली, तसूभर सरकली नाही. मी निर्धास्त झाले. शूटिंग सुरू केलं आणि पहिल्याच रात्री तुमच्यासारखीच थरथर.

मला वाटलं फोनचा दोष. त्यातलं ते हलती प्रतिमा आपोआप स्थिर करणारं तंत्र बंद करता येत नव्हतं, म्हणून तेच कारण असणार असं मनाने घेतलं. वापरलेला कॅमेरा घेतला, लेन्स वेगळी घेतली. सगळा सीन पुन्हा पहिल्यापासून. थरथर तशीच! मग वाटलं की सेकंडहँड कॅमेऱ्यात काहीतरी सैल असेल, आणि तो दुरुस्ती केंद्रात दिला. या केंद्राबद्दल अजून राग येतो. काउंटरवर मी सोबत क्लिप नेली होती, एकदाही बघितली नाही. तपासणीचे पैसे आधी भरून घेतले. 'आठ दिवसांत कळवतो' म्हणाले, पाच आठवडे कळवलं नाही. मी फोन केला की दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा. शेवटी कॅमेरा परत मिळाला, बरोबर एक चिठ्ठी, त्यावर एक ओळ: दोष आढळला नाही. मी म्हटलं, मग चित्र का हलतं? तर उत्तर, 'मॅडम, ते आमच्याकडे येत नाही.' त्यांनी तीस सेकंद ती क्लिप बघितली असती तर कदाचित त्यांनाच दिसलं असतं, कारण माझ्या भाच्याला दिसलं. तो तेव्हा चौथीत होता. मांडीवर लॅपटॉप घेऊन बघत होता आणि म्हणाला, 'मावशी, माणूस चालतो तेव्हाच भिंत हलते. तो नुसता हात हलवतो तेव्हा नाही हलत.'

मी क्लिप एकेक फ्रेम पुढे नेऊन बघितली. अगदी खरं होतं. बाहुला उचलून पुढच्या स्टडवर बसवला की भिंत खाली जायची, पुढच्या चार-पाच फोटोंत हळूहळू वर यायची. फोम दाबला जात होता! स्टडवर पाय बसवायला जोर लागतो, त्या जोराने बेसप्लेट खाली जायची, मी हात काढून लगेच फोटो काढायची, आणि तेव्हा फोम अजून फुगत असायचा. शिवाय बेसप्लेट ही मुळातच पातळ आणि लवचीक, ती कुठेच पूर्ण टेकलेली नसते. बाजूला सरकत नाही म्हणून मी तिला पक्की समजले, वरून दाबून बघितलंच नाही.

आता हे किती बारीक आहे त्याचा हिशेब करून बघा. तुमच्या चौकटीत आडवे साधारण 24 स्टड मावतायत. एक स्टड आठ मिलिमीटर, म्हणजे 192 मिलिमीटर. फुल एचडी चित्र 1920 पिक्सेल रुंद. एका मिलिमीटरला दहा पिक्सेल आले. जमीन पाव मिलिमीटर दबली तरी चित्र अडीच पिक्सेल हलणार, आणि सलग फ्रेममध्ये अडीच पिक्सेल डोळ्याला बोचतात. जास्त चांगला कॅमेरा घेतलात तर तीच थरथर जास्त स्पष्ट दिसेल, एवढाच फरक पडेल.

तुमच्या क्लिपमध्ये ढोलवाले पुढे सरकतात त्या फ्रेम थांबवून बघा. माझी जवळजवळ खात्री आहे, तरी मी तुमचा सेट हाताने तपासलेला नाही, म्हणून ही चाचणी करा. मांडवाशेजारी बेसप्लेटवर छोट्या आरशाचा तुकडा ब्लू टॅकने (पुन्हा काढता येतो असा मऊ चिकट गोळा) चिकटवा. लेझर पॉइंटर पुस्तकांच्या चळतीवर पक्का ठेवा, आरशावरून ठिपका समोरच्या भिंतीवर पडेल असा. (लेकीला ठिपक्याकडे बघू दे, आरशाकडे अजिबात नको.) आता नेहमीच्या जोराने एक बाहुला स्टडवर बसवा. जमीन पक्की असेल तर ठिपका हलेल आणि हात काढताच जागेवर येईल. माझा ठिपका चार बोटं खाली गेला आणि परत यायला मिनिटभर लागलं. ते बघताना मला एकीकडे रडू येत होतं आणि एकीकडे हायसं वाटत होतं.

उपाय महाग नाही. सुताराकडून किंवा प्लायच्या दुकानातून 18 मिमी प्लायचा उरलेला तुकडा घ्या, सेटपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठा. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता) स्वस्त पडतो, पण आपल्या पावसाळ्यात कडेने पाणी पितो आणि फुगतो, म्हणून मी घेत नाही. कोकणात राहत असाल तर विचारही करू नका. प्लाय टेबलाला दोन शिकंजांनी आवळा. बेसप्लेट फोम टेपने नाही, पातळ डबल टेपने पूर्ण पाठभर चिकटवा. मी तर आता बेसप्लेट वापरतच नाही. साध्या प्लेटचे (लेगोच्या पातळ, चपट्या तुकड्यांचे) दोन थर एकमेकांत अडकवून जमीन करते आणि कडेच्या भागाला स्क्रू आणि वायसरने प्लायला दाबून टाकते. विटांना ड्रिल मारणं हे इथल्या, आपल्या गटातल्या, काही सदस्यांना पाप वाटतं, मला ते कळतं, म्हणून मी विटेला भोक पाडत नाही, वायसरची कड प्लेटच्या कडेवर येते एवढंच.

कॅमेरा त्याच प्लायवर बसवावा असं माझं ठाम मत आहे. वेगळ्या ट्रायपॉडवर नको. खालून कोणी चाललं, टेबल हललं, तरी सेट आणि कॅमेरा एकत्र हलतात आणि चित्रात काही दिसत नाही. इथले दोन जुने सदस्य याच्या उलट सांगतात आणि त्यांची कामं माझ्यापेक्षा चांगली आहेत. पण त्यांच्याकडे तळमजल्यावर फरशीवर ठेवलेली जड बाकं आहेत. तुम्ही लिहिलंय की तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता.

दुसरी गोष्ट, जोर लावावाच लागणार नाही असा सेट बांधा. ढोलवाल्यांच्या वाटेवर सगळीकडे स्टड ठेवू नका. गुळगुळीत टाइल, म्हणजे वर स्टड नसलेले चपटे तुकडे, लावा आणि मधे मधे जंपर प्लेट, म्हणजे मधोमध एकच स्टड असलेली. तिने अर्ध्या स्टडचं, चार मिलिमीटरचं पाऊलही मिळतं. नाहीतर टाइलवर उभं करा, पायाखाली मोहरीएवढं ब्लू टॅक. मांडवाची मागची भिंतसुद्धा सगळ्या स्टडवर दाबून बसवू नका. खाली टाइलची रांग, फक्त दोन टोकांना एकेक स्टड उघडा ठेवा. मग ती भिंत एका बोटाने निघते, हात आत जातो, आणि परत ठेवली की त्याच जागी बसते. तुमच्या फोटोत मांडव चारही बाजूंनी बंद दिसतोय, वर छतही आहे. सुंदर आहे, पण कॅमेरा एकाच बाजूने बघणार असेल तर डावी बाजू आणि छताचा मागचा अर्धा काढून टाका. तुमची बोटं दर वेळी खांबांना लागत असणार. उंच भिंतीला मागून, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने, दर आठ स्टडला एक टेकू द्या.

प्रॉप्सबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण दिसलं म्हणून सांगते. मांडवाला खरं कापड लावलंय ना? ते काढा किंवा घट्ट करा. कापडाला नुसता वारा लागला तरी चुणी बदलते आणि चित्रात ते उकळल्यासारखं दिसतं. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून त्यात कापड बुडवा, हव्या तशा झालरी पाडून प्लॅस्टिकच्या पिशवीवर वाळवा. एका रात्रीत कडक होतं, झालर तशीच राहते. विणही बारीक हवी. जाड सुताचं कापड चार सेंटिमीटरच्या माणसामागे गोणपाट वाटतं, जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा चालतो. मूर्ती रंगीत मातीची करू नका, दिव्याच्या उष्णतेने ती मऊ पडते आणि सोंड हळूहळू खाली येते. शाडूची करून पूर्ण वाळवून मग सेटवर आणा. विटांतून केलीत तर उत्तमच. उताराच्या छोट्या विटा वापरून पोट फार छान जमतं.

ढोलाच्या टिपऱ्यांना तुम्ही टूथपिक दिल्यात आणि त्या निसटतायत. मिनिफिगची मूठ 3.2 मिलिमीटरच्या काठीसाठी बनलेली असते. टूथपिकच्या धरायच्या जागेवर कागदी चिकटपट्टीचे वेढे द्या, मूठ घट्ट धरेपर्यंत. जास्त जाड झालं तर मूठ ताणून चीर पडते, म्हणून एकेक वेढा देऊन बघा.

दिव्यांच्या माळेसाठी पॉवर बँक लावणार असाल तर आधी अर्धा तास नुसती लावून बघा. माळ इतकी कमी वीज घेते की बऱ्याच पॉवर बँका फोन चार्ज झाला समजून बंद होतात. माझ्या एका सीनमध्ये 112 व्या फोटोला चाळ अंधारात गेली होती. सेलच्या डबीवर चालणारी माळ बरी. आणि फोन उलटा धरून बसवा, लेन्स खाली येईल अशी. मग लेन्स बाहुल्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येते आणि मांडव मोठा, खरा दिसतो. सध्या तुम्ही वरून बघताय, त्यामुळे सगळं टेबलावरचं वाटतंय.

हे सगळं माझ्या घरच्या सेटवरून सांगतेय, मी यातली व्यावसायिक नाही. तुमचं टेबलच डुगडुगत असेल तर प्लायने भागणार नाही, मग फरशीवर उतरावं लागेल. चाळीस सेकंद पुन्हा शूट करायचे म्हणजे लेकीचा हिरमोड होईल हे मला ठाऊक आहे. भाच्याला मी तेव्हा सांगितलं होतं की दोष तूच शोधलास, आता पहिला फोटो तूच काढ, आणि तो रात्री साडेदहापर्यंत उठला नाही. शिवाय सगळंच नको, ढोलवाले चालतात तेवढेच तुकडे परत घ्या. मूर्तीचा जवळचा शॉट, जिथे कोणी चालत नाही, तो मला अगदी स्थिर दिसला. तो ठेवा.

आरशाची चाचणी झाली की ठिपका किती सरकला आणि किती वेळात परत आला ते इथे लिहा. झटकन आला तर दोष टेबलात आहे, रेंगाळत आला तर टेपमध्ये.