ओढणी, नखं आणि आजीचे गोठ: तुम्ही विचारा, मी सांगते

चैत्र संपत आलाय. जळगावात सकाळी अकरानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, पण टपालात ह्या वेळी सगळी पत्रं नटण्यामुरडण्याची! मला फार बरं वाटलं. तेवीस वर्षं मी फुले मार्केटजवळ मॅचिंग सेंटर चालवलं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, लेस, बटणं. आता गल्ल्यावर सून बसते. दुकानातली एक गोष्ट मात्र मी घरी घेऊन आले, ती म्हणजे माझी वही. त्या दिवशी अंगात जे असेल त्याची कातरण मी तीत टाचायची आणि रात्री खाली एक ओळ लिहायची, दिवस कसा गेला त्याची. ‘बाही काउंटरला घासते.’ ‘बांगड्यांमुळे मोजपट्टी धरता येईना.’ खालची बरीचशी उत्तरं त्या वहीतून आलेली आहेत.

मी रोज अमळनेर ते जळगाव अपडाऊन करते. पगार बेताचा, ऑफिसला घालण्यासारखे ड्रेस पाचच. रोज तेच ते वाटतं. उन्हामुळे तोंडाला स्कार्फ बांधावाच लागतो, आणि ऑफिसात पोचेपर्यंत केस, कानातले, सगळ्याची वाट लागते. नवीन काय घेऊ? (एक वाचक, अमळनेर)

ड्रेस एकही घेऊ नकोस. स्कार्फ घे. अगं, घरातून निघाल्यापासून ऑफिसच्या दारापर्यंत लोकांना तुझा स्कार्फच तर दिसतो, आणि नेमका तोच आपण रस्त्यावर मिळेल तो, मिळेल त्या रंगाचा उचलतो. कापडाच्या दुकानात जा, ताक्यावरून सुती मलमल सव्वादोन मीटर फाडून घे, पन्हा चव्वेचाळीस इंची चालेल. दोन्ही टोकांना पिको करून घे. असे दोन कर. एक पांढरा, आणि दुसऱ्याचा रंग असा निवड: पाचही ड्रेस पलंगावर पसर आणि त्यांच्या प्रिंटमध्ये सगळ्यात कमी असलेला रंग शोध. फुलाच्या मधला ठिपका, किनारीतली बारीक रेघ, असा. माझ्याकडे बायका कुर्त्याच्या मुख्य रंगाला तंतोतंत जुळणारी ओढणी मागायच्या, आणि मी तासन्‌तास डबे काढून दाखवायची. माझ्या वहीत मात्र ज्या दिवशी चार जणींनी थांबवून विचारलं, त्या दिवसाची कातरण आहे निळ्या कुर्त्याची आणि हळदी ओढणीची. कुर्त्यावर हळदी रंग होता फक्त फुलांच्या देठांना.

कापडाचं बघून घे. आपण सुरतेच्या लाइनीवरचे लोक, तिकडचं जॉर्जेट इकडे स्वस्त येतं आणि दिसतंही देखणं. पण ते बहुतेक पॉलिस्टरचं असतं, आणि पॉलिस्टर घाम जवळजवळ शोषतच नाही. पंचेचाळीस अंशांत ते तोंडाला गुंडाळणं म्हणजे छळ आहे. शंका आली तर कडेचा एक दोरा उपसून स्टीलच्या ताटलीत जाळून बघ. सुती दोरा कागदासारखा जळतो, राख बोटाने उडते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते.

आता कानातलं. आकड्याचे झुमके स्कार्फखाली कधीही घालू नकोस. माझ्या दुकानात एका मुलीने घाईने स्कार्फ ओढला, त्याबरोबर झुमका ओढला गेला आणि कानाची पाळी फाटली. मी पिकोचं कापड दाबून धरलं होतं, ते आजही डोळ्यांपुढून जात नाही. प्रवासात मळसूत्राचे चपटे टॉप्स. झुमके डबीत ठेव आणि ऑफिसात घाल.

पाच ड्रेस, दोन स्कार्फ, दोन प्रकारचे कानातले: वीस जोड झाले. रोजचा फोटो काढत जा, पण संध्याकाळी, घरी आल्यावर. सकाळी आरशापुढे सगळंच छान दिसतं. परतीच्या गाडीनंतरही जे अंगावर नीट बसलंय, ते तुझं.

आमची केळीची बाग आहे. घड उतरवताना मीही मजुरांबरोबर असते. चिकाने नखं काळी पडतात. नेलपॉलिश लावलं तर दोन दिवसांत टवके उडतात. जेलचं करून घेऊ का? जाऊबाई म्हणतात, शेतात जाणाऱ्या बाईला हे शोभत नाही. (एक ताई, रावेर तालुका)

शोभतं, ताई. हे आधी सांगते, बाकीचं मग.

केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा असतो आणि वाऱ्याने काळा पडतो. म्हणून उपाय कामाच्या आधी करायचा. कच्ची केळी चिरताना आपण हाताला तेल लावतो की नाही, तसंच बागेत जाताना खोबरेल नखांच्या कडांत चोळा आणि वरून हातमोजे घाला. नखं मांसापर्यंत कापलेली ठेवा. कात्रीने नको, कानशीने एकाच दिशेने घासा.

पॉलिश लावताना आधी नखावरचं तेल पूर्ण निघालं पाहिजे. साबणाने धुवा, मग रिमूव्हरचा बोळा नुसता फिरवा. बहुतेकींचे टवके ह्याच पायरीला उडायचे ठरतात. मग बेस कोट, त्यावर पातळ दोन हात. ब्रश नखाच्या टोकाच्या जाडीवरूनही फिरवा, पाणी तिथूनच आत शिरतं. दर तिसऱ्या दिवशी वरून पारदर्शक एक हात. रंग घ्या चिंचोक्याचा, तो लालसर तपकिरी. चिकाचा डाग त्यात दिसत नाही आणि टवका उडाला तरी चटकन नजरेत भरत नाही.

जेलबद्दल माझ्यावरून सांगते. भाचीच्या लग्नात मी एका पार्लरमध्ये जेल करून घेतलं. सुंदर झालं होतं, दिव्याखाली बोटं धरली की क्षणात कडक. तिसऱ्या आठवड्यात मुळाशी फट पडली, आणि मी टीव्ही बघता बघता ते सोलत बसले. जेलच्या उलट्या बाजूला पांढुरका भुगा लागलेला होता. तो भुगा म्हणजे माझ्याच नखाचे थर. पुढे भेंडी चिरतानासुद्धा नख दुमडायचं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने. मी ते सगळे मोजले. जेल काढायचं तर अॅसिटोनचा बोळा दहा-पंधरा मिनिटं बांधून, मऊ पडल्यावर. आणि अॅसिटोन चुलीच्या, गॅसच्या जवळपासही नको. शिवाय कच्चं जेल कातडीला लागत राहिलं तर काहींना कायमची अॅलर्जी होते. रोज बागेत हात घालणाऱ्या बाईला हा व्याप मी सुचवणार नाही. साधं पॉलिश रविवारी रात्री काढा, पुन्हा लावा. जाऊबाईंनाही एका हाताला लावून द्या.

मी परिचारिका आहे. ड्यूटीवर फिकट नेलपॉलिश चालेल का? (एक वाचक, धुळे)

हाताला नको. रुग्णाला हात लावणाऱ्यांनी खोटी नखं लावू नयेत आणि स्वतःची नखं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवावीत, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. टवके उडालेल्या पॉलिशखाली घाण राहते. पायाची दहा बोटं तुमची आहेत, तिथे हवा तो भडक लाल लावा.

एक ग्रॅम सोन्याचे कानातले घातले की कानाला खाज येते, पाणी सुटतं. उन्हाळ्यात जास्त. पूर्वी असं होत नव्हतं. (एक वाचक, भुसावळ)

ही बहुधा निकेलची अॅलर्जी असावी. वरचा मुलामा सोन्याचा, पण आतल्या धातूत किंवा मुलाम्याच्या खालच्या थरात निकेल असू शकतं. घामाने ते सुटतं आणि कातडीत जातं, म्हणून उन्हाळ्यात त्रास वाढतो. वर्षानुवर्षं काही न होता एक दिवस सुरू होते, आणि सुरू झाली की सहसा जन्मभर राहते. पाणी सुटतंय तोवर कान मोकळे ठेवा. थांबलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

मग एकच जोड घ्या, पण चांगला. बावीस कॅरेटचे बारीक टॉप्स किंवा ९२५ची चांदी. आपण सोन्याच्या गावाशेजारचे, पण हॉलमार्क वाचायचा आपल्याला कंटाळा. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे, आणि तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून तपासता येतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला मात्र ही सक्ती नाही आणि कानातले बऱ्याचदा तेवढेच असतात, तेव्हा बिलावर कॅरेट लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

लग्नकार्यात जुने झुमके घालायचेच असतील तर कानात जाणाऱ्या तारेला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात देऊन पूर्ण वाळवा. एक संध्याकाळ निभते. पुढच्या वेळी पुन्हा लावावं लागतं.

आजीचे चांदीचे गोठ आणि गळ्यातली सरी माझ्याकडे आली आहे. काळी पडलीय. आई म्हणते, मोड दे आणि पैंजण घे. मी शिक्षिका आहे, हे रोजच्या कपड्यांवर कसं घालू? (एक वाचक, तळोदा)

मोड देऊ नका. सराफ वजनाचे पैसे देईल, त्यातून घट कापेल, आणि घडणावळ शून्य धरेल. तुमच्या आजीच्या गोठाची घडणावळ हीच तर त्याची किंमत आहे.

काळेपणा हवेतल्या गंधकाने येतो, खराबी नाही. रात्री रिठे भिजत घाला, सकाळी त्या पाण्यात गोठ बुडवून जुन्या मऊ ब्रशने हलकेच घासा, सुती फडक्याने कोरडे करा. टूथपेस्ट नको, ओरखडे उठतात. अॅल्युमिनियमची फॉइल आणि सोडा घालून उकळत्या पाण्यात टाकायची युक्ती सगळीकडे फिरते. तिने चांदी लखलखते हे खरं, पण नक्षीच्या खोलगट भागातला काळाही निघून जातो, आणि त्याच काळ्यावर नक्षी उठून दिसते. मी एका वाकीची तशी पाटी कोरी करून बसले आहे. उंच भाग चमकवा, खोल भाग तसाच राहू द्या. ठेवताना सुती कापडात गुंडाळा आणि वर रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकानेही चांदी काळी पडते.

घालायचं म्हणाल तर एका वेळी एकच. गोठ डाव्या हातात एकटा, खडूचा हात मोकळा. वर बिननक्षीचा सुती कुर्ता, कोपराच्या जरा खाली संपणारी बाही, म्हणजे गोठ बाहीत अडकत नाही. सरीला गोल, उघडा गळा लागतो, तिचं कडं गळ्याच्या हाडांवर टेकलं पाहिजे. कॉलरचा शर्ट असेल तर सरी घरी. धडगाव-अक्कलकुव्याकडे होळीला बाया चांदीने मढून येतात तेव्हा बघा, इतकं वजन अंगावर असून चाल किती मोकळी असते. त्या चांदीत वाढलेल्या असतात. तुम्हाला सवय व्हायला आठवडा लागेल. पहिल्या दिवशी घरीच घाला, धुणंभांडी करा, वह्या तपासा.

मी पुण्यात नोकरी करते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चोपड्याला येणार आहे. लांब अॅक्रिलिक नखं करून यावं असं मनात आहे. आईला मदतही करायची आहे. जमेल का? (एक वाचक, पुणे)

मांडे असतील तर नाही जमणार, बेटा. खापरावरच्या पुरणपोळीची कणीक तू लहानपणी पाहिली असशील. पाणी लावून लावून, आपटून आपटून ती इतकी सैल करतात की उंडा हातावर घेतला की आपोआप लोंबतो. मग तो एका हातावरून दुसऱ्या हातावर, पार कोपरापर्यंत फिरवत मोठा करायचा. आतलं पुरण पापुद्र्यातून दिसायला लागतं. त्या वेळी नखाचा नुसता कोपरा लागला तरी पोळी फाटते आणि पुरण खापरावर सांडून जळतं. आमची आजी म्हणे, ‘माय, पहिले नख काढ, मंग मांडाले हात लाव.’

तेव्हा पार्लर नको. चिकटपट्टीची तयार नखं मिळतात, ती बॅगेत टाकून आण. गोंदाची घेऊ नकोस. सकाळी स्वतःच्या कापलेल्या नखांनी आईबरोबर उंडे भर. जेवणं झाली की हात साबणाने दोनदा धू, तुपाचा अंश राहिला तर काही चिकटणार नाही. प्रत्येक नख दाबून अर्धा मिनिट धरून ठेव. काढताना कोमट साबणपाण्यात दहा-पंधरा मिनिटं बोटं बुडव, कडेला तेल सोड आणि हळूच सरकव, उपटू नकोस.

दुपारी चारला लावलीस तर संध्याकाळच्या झोक्याला तयार असतील. झोक्याचा दोर मुठीत घट्ट धरायचा असतो, त्यात ती टिकतात की नाही हे मला खरंच माहीत नाही. कितव्या गाण्याला पहिलं नख सुटलं, ते मला लिहून कळव. वहीत त्याच्यासाठी पान कोरं ठेवलंय.