भिंत जीव खाऊन ढकलली तरी हलली नाही, मग ऊर्जा गेली कुठे?

भिंतीवर झालेलं कार्य शून्यच, कारण कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन आणि इथे विस्थापनच नाही. पण दम तर लागतो ना, ती ऊर्जा भिंतीत जातच नाही, तुमच्याच स्नायूंत उष्णता होऊन संपते. स्नायू ताठ धरायचा म्हणजे आत मायोसिन नावाचं प्रथिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला पकडतं, ओढतं, सोडतं, परत पकडतं आणि दर खेपेला एक एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) खर्च, म्हणजे आतल्या आत काम चालूच असतं फक्त बाहेर दिसत नाही. त्याच भिंतीला लाकडी टेकू लावा, तो वर्षभर दाब देत राहील, इंधन शून्य. (तशी भिंत अगदी कणभर दबतेच, तेवढं कार्य होतं, पण पेपरात शून्यच लिहा.)