शंका-समाधान : डॉसच्या फाइलमधली हिब्रू

प्रश्न : बेने इस्रायली कुटुंबांच्या थडग्यांवरील लेखांची सूची डॉसच्या काळात केलेली आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'टाइप' कमांडने दाखवली की टोप्या-टिंबांची रोमन अक्षरे दिसतात. मित्राने एका एडिटरमध्ये हिब्रू आणून दाखवली, पण प्रत्येक शब्द उलटा. फाइल खराब झाली का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बहुधा नाही. अक्षरांचा तक्ता आणि अक्षरांची दिशा, अशा दोन निरनिराळ्या अडचणी इथे एकात एक गुंतल्या आहेत. आधी तक्ता सोडवा, दिशेला नंतर हात घाला. मूळ फाइलची प्रत काढून मगच सुरुवात करा.

कोडपेज म्हणजे कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, याचा तक्ता. डॉसच्या 862 या हिब्रू कोडपेजमध्ये पहिले अक्षर आलेफ 128 वर आणि शेवटचे ताव 154 वर असते. शब्दाच्या शेवटी येणारी पाच खास रूपे धरून 27 अक्षरे. विंडोज-1255 आणि आयएसओ 8859-8 या दुसऱ्या हिब्रू तक्त्यांमध्ये हीच रांग 224 ते 250 वर, म्हणजे सरसकट 96 ने पुढे. त्याहून जुन्या सात-बिटी फायलींत ती 96 ते 122 वर, लहान रोमन लिपीच्या जागेवर बसवलेली असे. 'शालोम' (शिन, लामेद, वाव, अंत्य मेम) 862 मध्ये 153, 140, 133, 141 होतो. हे आकडे संगणकाने 437 च्या, म्हणजे डॉसच्या मूळ रोमन तक्त्यातून वाचले की तुम्हाला दिसतात तशी अक्षरे उमटतात. श्रीलिपीतली फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडावी, तसाच हा प्रकार.

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सीएचसीपी 862' ही तक्ता बदलणारी कमांड द्या आणि खिडकीचा फॉन्ट कुरिअर न्यू करा. कन्सोलस किंवा लुसिडा कन्सोलमध्ये हिब्रू नाही, नुसते चौकोन येतील. दोन उभ्या रेघांना छेदणारी आडवी रेघ एकाआड एक दिसू लागली, तर फाइल यूटीएफ-8 मध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या युनिकोड पद्धतीत) आहे: तिथे प्रत्येक हिब्रू अक्षराला दोन बाइट लागतात आणि पहिला कायम 215 असतो.

आता दिशा. डॉसचा पडदा डावीकडून उजवीकडेच लिहितो. म्हणून बरेच प्रोग्रॅम ओळ आधीच उलटी करून साठवत. हा दृश्य क्रम. आजची सॉफ्टवेअर वाचनाच्या, म्हणजे तार्किक क्रमाने साठवतात आणि दाखवताना फिरवतात. तुमच्या मित्राच्या एडिटरने बहुधा आधीच फिरवलेली ओळ पुन्हा फिरवली.

अंदाजावर जाऊ नका, फाइलमधले आकडे दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये पाहा. 138, 141, 143, 147, 149 (हेक्समध्ये 8A, 8D, 8F, 93, 95) ही शब्दाच्या शेवटी येणारी रूपे आहेत. ती शब्दाच्या सुरुवातीला सापडली तर क्रम दृश्य, शेवटी सापडली तर तार्किक. एवढी खात्रीची खूण दुसरी नाही.

दृश्य क्रम निघाला तर 'आयकॉन्व्ह' या रूपांतराच्या प्रोग्रॅमने सीपी862 (म्हणजे कोडपेज 862) मधून यूटीएफ-8 करा (नोटपॅड प्लस प्लसमध्येही ओईएम 862 हा पर्याय आहे). मग ओळी फिरवा, पण ओळ सरसकट उलटवणाऱ्या 'रेव्ह' कमांडने नको: ती आकडेही उलटवते, 1948 चे 8491 होते आणि कंस पाठमोरे पडतात. थडग्यांच्या सूचीत साल चुकले तर मग उरले काय? लिनक्सवर 'फ्रीबिडी' हा दिशा सांभाळून ओळ फिरवणारा प्रोग्रॅम वापरा. त्याला आरटीएल, नोपॅड आणि नोब्रेक हे पर्याय द्या, नाहीतर ते ओळी मोडते आणि मोकळ्या जागा भरते. हिब्रू-रोमन मिसळलेल्या ओळी आणि तारखा मात्र डोळ्यांनी तपासा. ओळी जोडून परिच्छेद करायचा असेल तर फिरवून झाल्यावरच. आधी जोडल्या तर शेवटची ओळ वर येते.

पुढे लक्षात ठेवा : एमएलटर्म, कन्सोल (केडीई या लिनक्स डेस्कटॉपचे) ही टर्मिनल दिशा स्वतः सांभाळू शकतात, त्यांना तार्किक क्रमाची फाइल द्या. विंडोजचा जुना प्रॉम्प्ट काहीच फिरवत नाही, त्याला दृश्य क्रमाचीच लागते. 862 मध्ये स्वरचिन्हे नाहीतच, तेव्हा ती हरवली असे समजू नका.

प्रश्न : पडद्यावर हिब्रू नीट, पण डॉट मॅट्रिक्सवर भलतेच छापते.
— एक वाचक, कराड, जि. सातारा

उत्तर : डॉसमधून प्रिंटरकडे फक्त आकडे जातात, अक्षरांचे आकार त्याच्या स्वतःच्या रॉममधले, म्हणजे कायमच्या स्मृतीतले. पडद्याच्या व्हीजीए कार्डात चढवलेला फॉन्ट (256 अक्षरे, प्रत्येकी 16 बाइट) तिथवर पोहोचत नाही. प्रिंटरच्या पुस्तिकेतल्या तक्त्यांच्या यादीत 862 असेल तर तो निवडा. नसेल तर यूटीएफ-8 केलेली तार्किक क्रमाची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून, परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करून छापा. तेव्हा मजकूर चित्रासारखा जातो. छपाई सावकाश होईल, रिबनही जास्त खर्ची पडेल.