आजीची काशाची वाटी

प्रिय मनू,

शनिवारी फोनवर तू विचारलंस, "आई, काशाच्या वाटीनं घासलं की नस भरून येते हे तू खरंच मानतेस?" मी विषय बदलला, पण मनाला लागलं गं, म्हणून लिहितेय.

१९८६ ला दिवाळीनंतर ऊस तोडताना आबांच्या डाव्या मनगटात कोयता बसला. नस, म्हणजे स्पर्श कळवणारा मज्जातंतू, तुटली, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. कोल्हापुरात डॉक्टरांनी नस शिवली आणि सांगितलं, आतला धागा वाढत रोज साधारण १ मिलिमीटर पुढं सरकेल, घाई करू नका. आजी रोज रात्री खोबरेल तेल कोमट करून वाटीनं तळहात घासायची, घासून घासून तेल काळं व्हायचं, आणि मग आबा मनगटापासनं टिचक्या मारत यायचे, जिथं मुंग्या येतील तिथं माझ्या पेननं टिंब काढायचे. आठवड्याला पाऊण सेंटिमीटरपण सरकायचं नाही ते. शाळेतनं आले की दप्तर टाकून मी आधी ते टिंब बघायची.

तू श्वान पेशींचं, म्हणजे नसेच्या धाग्याला वेढून असणाऱ्या पेशींचं, सांगतेस ते आता कळतंय मला. नस तुटली की त्या मायलिनची, म्हणजे धाग्यावरच्या वेष्टनाची, प्रोटीनं, तुझं ते पी-झिरो, बनवायचं थांबवतात, त्यांच्यातलं सी-जून नावाचं प्रोटीन वाढतं, जुना कचरा साफ करतात, नस वाढवणारी दुसरीच प्रोटीनं बनवून धाग्याला वाट करून देतात आणि धागा आला की परत मायलिन गुंडाळतात. हे वाटीनं झालं नाही, मान्य. पण आजीच्या हातात तेवढंच होतं, रोज तो हात मांडीवर घ्यायचा. आणि एकदा तेल जास्त तापलं, आबांना कळलंच नाही, फोड आल्यावर समजलं, त्या रात्री आजी जेवली नाही. म्हणून वाटीची बाजू घेताना मीपण अडखळते.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला. आबांनी अंगणातली माती डाव्या चिमटीत धरली आणि म्हणाले, "गार लागतीया." आजी काही न बोलता आत गेली, देवापुढं गुळाचा खडा ठेवून आली.

वाटी तुझ्या बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवलीय. दिवसभर लॅबमध्ये उभी असतेस, तळपाय घासून बघ, नको वाटलं तर राहू दे, मी विचारणार नाही. तेल मात्र आधी कोपराला लावून बघ, किती तापलंय ते.

तुझी आई