अमेरिकेत जीवशास्त्रात पीएचडीसाठी अर्ज करतोय. मार्क मध्यम, नावावर एकही पेपर नाही. निवड नक्की कशावर होते? सगळीकडून नकार आला तर?

पहिल्या वर्षी मी आठ अर्ज केले आणि आठही ठिकाणांहून नकार आला. दुसऱ्या वर्षी सहा केले. पाच नकार, एक वेटिंग लिस्ट. त्या एका वेटिंग लिस्टमधूनच माझी इकॉलॉजीतली पीएचडी झाली. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना तो सगळा हिवाळा पुन्हा आठवला.

आधी तुमच्या हातात नसलेला भाग सांगते, कारण त्याचं खापर बहुतेक जण स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतात. अमेरिकेत विज्ञानातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याची ट्यूशन फी सहसा माफ होते आणि वर दरमहा स्टायपेंड मिळतो. हा पैसा टीचिंग असिस्टंटशिपमधून (म्हणजे शिकवायला मदत करण्याच्या कामातून), विभागाच्या निधीतून किंवा प्रोफेसरच्या ग्रँटमधून, म्हणजे संशोधनाच्या अनुदानातून येतो. म्हणजे यंदा जागा किती, हे बरंचसं यंदा पैसा किती यावर ठरतं. फेब्रुवारी २०२५मध्ये एनआयएच या आरोग्य-संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने ग्रँटवरच्या अप्रत्यक्ष खर्चाला (इमारती, वीज, कार्यालय अशा गोष्टींसाठी विद्यापीठाला मिळणाऱ्या पैशाला) १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. कोर्टाने ती अडवली, पण तोवर काही विद्यापीठांनी त्या वर्षीचे पीएचडीचे प्रवेश कमी केले होते, काहींनी तर दिलेल्या ऑफर परत घेतल्या. त्या मुलांच्या अर्जात एका रात्रीत काय खोट निर्माण झाली होती? काहीच नाही.

दुसरी गोष्ट मला पहिल्या वर्षी माहीतच नव्हती. सगळे विभाग एकाच पद्धतीने निवड करत नाहीत. मॉलिक्युलर बायॉलॉजीसारख्या विषयांत बहुतेक ठिकाणी समिती निवड करते. मग पहिल्या वर्षी तुम्ही दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे रोटेशन करता आणि नंतर लॅब ठरते. इकॉलॉजी, उत्क्रांती अशा विषयांत मात्र बऱ्याचदा एखादा प्रोफेसर तुम्हाला थेट घेतो. त्याला यंदा विद्यार्थी नको असेल, तर तुमचा अर्ज कितीही चांगला असो, पुढे सरकत नाही. मी मात्र कुणालाही न विचारता अर्ज केले होते. पुढच्या वर्षी नऊ प्रोफेसरांना मेल पाठवले. चारच ओळी: मी कोण, काय काम केलंय, तुमच्या कोणत्या कामावरून कोणता प्रश्न पडला, आणि यंदा विद्यार्थी घेणार आहात का. तिघांनी सरळ 'नाही' कळवलं. ते तीन नकार मला फार उपयोगी पडले. तीन अर्ज आणि तीन फिया वाचल्या. तुमचा विषय या प्रकारातला असेल तर हे मेल आधी पाठवा, एसओपी (अर्जासोबतचं, काय संशोधन करायचंय ते सांगणारं निवेदन) नंतर लिहा.

आता मार्क. ते बघतात, खोटं कशाला सांगू. एखादं सेमिस्टर बिघडलं असेल तर दोन ओळींत कारण द्या आणि विषय संपवा. जीआरई ही प्रवेशपरीक्षा जीवशास्त्राचे अनेक विभाग आता मागतच नाहीत, आणि तिची बायॉलॉजीची सब्जेक्ट टेस्ट तर २०२१ मध्येच बंद झाली. पेपर असला तर चांगलंच, पण नसल्यामुळे अर्ज बाजूला पडतो असं मी तरी पाहिलं नाही.

पाहिलं म्हणजे खरंच पाहिलं. चौथ्या वर्षी आमच्या निवड समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी बसले होते. तिथे सगळ्यात जास्त वेळ गेला तो शिफारसपत्रांवर. एक पत्र विभागप्रमुखाचं: विद्यार्थी नियमित, नम्र, वर्गात पहिल्या पाचात. ते वाचून सगळे पुढच्या पानावर गेले. दुसरं पत्र (तपशील थोडे बदलून सांगते) एका तरुण पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्याचं होतं. विद्यार्थिनीच्या पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रयोगाच्या) निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे डीएनए न घातलेल्या नमुन्यात, सारखी बँड दिसत होती, जी तिथे दिसायलाच नको. तिने तीन आठवडे एकेक रसायन बदलून पाहिलं, शेवटी दोष पाण्याच्या बाटलीत सापडला, आणि आधीचे दोन महिन्यांचे निकाल तिने आपणहून बाद ठरवले. पत्र वाचून झाल्यावर समितीतल्या एका बाईंनी तिची फाइल पुन्हा पहिल्या पानापासून उघडली. तिचे मार्कही मध्यमच होते.

म्हणून पत्र मागताना हुद्दा पाहू नका. तुम्हाला चुकताना आणि चूक निस्तरताना ज्याने जवळून पाहिलंय त्याच्याकडे जा. डेडलाइन बहुतेक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात. पत्र मागायला ऑक्टोबरची वाट पाहू नका.

एसओपीचंही तसंच. माझ्या पहिल्या एसओपीची सुरुवात 'लहानपणापासून मला निसर्गाची ओढ' अशी होती. दुसऱ्या वर्षी मी लिहिलं की दोन उन्हाळे मुंग्यांच्या रांगा मोजल्यावर माझा अंदाज चुकीचा निघाला, तो का चुकला असं मला वाटतं, आणि आता काय तपासायचंय. मुलाखतीत सगळे प्रश्न त्याच परिच्छेदावर आले.

अर्ज गेल्यावरचा काळ अवघड असतो. मुलाखतीची बोलावणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येतात, आणि काही विभाग मार्च उलटला तरी चकार शब्द काढत नाहीत. देव पाण्यात घालून बसण्यापलीकडे तेव्हा फारसं काही करता येत नाही. पण १५ एप्रिल ही तारीख लक्षात ठेवा. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीसह दिलेल्या ऑफरचं उत्तर त्याआधी द्यायची सक्ती करत नाहीत. त्यामुळे वेटिंग लिस्ट हलते ती बऱ्याचदा त्याच आठवड्यात. मला मेल आला १४ एप्रिलच्या संध्याकाळी. कुणीतरी दुसरीकडे जायचं ठरवून ती जागा सोडली होती. तुमच्या हातात दोन होकार आले, तर नको असलेल्याला शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवू नका, एवढी माझी विनंती आहे.

आणि सगळीकडून नकार आलाच तर? पुन्हा अर्ज केला म्हणून कुणी कमी लेखत नाही. मधलं वर्ष मी एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काढलं. मुंग्यांचं काम तिथेच पुरं झालं, आणि दुसऱ्या वर्षीचं सगळ्यात भक्कम पत्रही तिथूनच मिळालं. नकाराचं कारण विभाग सहसा सांगत नाहीत. पण एखादा प्रोफेसर मुलाखतीत तुमच्याशी मनापासून बोलला असेल, तर त्याला मेल करून विचारायला हरकत नाही. मी विचारलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं: तुमची निवड करायची होती, पण ग्रँट मिळाली नाही.