लढाऊ विमानात वैमानिकाच्या डोळ्यांसमोर माहिती दाखवणाऱ्या हडच्या (हेड-अप डिस्प्ले) काचेवर हिरवे आकडे दिसतात, तरी पलीकडचं आकाशही दिसतं. या काचेला नेमकं काय लावलेलं असतं?

रंग किंवा फिल्म चिकटवलेली नसते. निर्वात चेंबरमध्ये काचेवर दोन पदार्थांचे थर आलटून पालटून चढवतात, उदाहरणार्थ सिलिका आणि टायटॅनियम डायऑक्साइड. आकड्यांचा हिरवा प्रकाश साधारण 545 नॅनोमीटरचा असतो. प्रत्येक थराची जाडी या प्रकाशाच्या त्या थरातल्या पाव तरंगलांबीइतकी ठेवली (सिलिकाचा थर जेमतेम 93 नॅनोमीटर!), की थराथरांतून परतणारा हिरवा प्रकाश एकमेकांत मिळून वैमानिकाच्या डोळ्याकडे येतो आणि बाकीचे रंग आरपार जातात. म्हणून या काचेतून बाहेरचं जग किंचित गुलाबी वाटतं.

खरी कसोटी जाडी सांभाळण्याची. चेंबरमध्ये क्वार्ट्झचा एक स्फटिक सतत कंप पावत असतो. त्याच्यावरही तेच कोटिंग बसतं, वजन वाढतं, कंपनं मंदावतात आणि त्यावरून जाडी कळते. थर सच्छिद्र राहिला तर दमट हवेत पाणी शोषतो आणि परावर्तनाचा रंग सरकतो. त्यासाठी कोटिंग चालू असतानाच आयनांचा मारा करून थर घट्ट करतात. आणि स्वच्छता! काचेवर बोटाचा ठसा राहिला तर तिथलं कोटिंग नंतर सोलून निघतं, म्हणून काच कायम कडेनेच धरायची.

आपल्या तेजसचा हड चंदीगडच्या सीएसआयओ प्रयोगशाळेने विकसित केलाय, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.